कपाटातल्या बाई

माझी सवत आमच्या हॉलमधल्या कपाटात असते. ती जाऊन बारा वर्षं झाली, पण अजून चोवीस तास चालू असते. तिला बंद करायचं नाही. कपाटाचं दार पूर्ण लावायचं नाही, चार बोटं उघडं ठेवायचं, नाहीतर ती तापते. कपाटावर काही ठेवायचं नाही. मी या घरात आले त्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी स्वयंपाकघर दाखवायच्या आधी मला हे नियम सांगितले. नव्या नवरीला घरातल्या वडीलधाऱ्यांची ओळख करून देतात ना, त्यातलाच प्रकार. नवी नवरी तरी कसली, तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते.

कोड्यात बोलत नाही. कपाटात एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्यावर ह्यांच्या पहिल्या बायकोची वेबसाइट आहे. ती विणकाम शिकवायची. याच हॉलमध्ये, सव्वीस वर्षं, दर मंगळवारी आणि गुरुवारी आठ-आठ बायका. सगळ्या तिला बाई म्हणायच्या, आणि हेही तिला बाईच म्हणतात. तिच्या पाच जाडजूड वह्या आहेत. स्वेटर, टोप्या, शाली, मोजे असे एकशे चाळीस नमुने, प्रत्येक ओळ स्वतःच्या हातानं लिहिलेली. ती गेल्यावर शिष्यांनी वह्यांसाठी रांग लावली. एकीनं एक वही नेली ती सात महिने परत दिली नाही, शेवटी हे तिच्या दारात जाऊन बसले. तेव्हा ह्यांनी ठरवलं की यापुढे वही घराबाहेर जायची नाही, आणि बघायची मात्र कोणालाही मिळायची.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. बत्तीस वर्षं तेच काम. लिफ्ट मधेच अडकली, आतली माणसं किंचाळायला लागली, की हे वरच्या मजल्यावर दारापाशी उकिडवे बसून खाली आवाज देत, आणि तो आवाज ऐकून आतली माणसं गप्प होत. दारावर तळहात ठेवून कुठला भाग झिजलाय ते सांगायचे. असा माणूस एक्कावन्नाव्या वर्षी वाचनालयातून पुस्तक आणून कॉम्प्युटर शिकला. एका ऑफिसात लिफ्टचं काम चालू असताना ते लोक जुना कॉम्प्युटर फेकत होते, तो ह्यांनी उचलून आणला. पाचही वह्यांची पानं एका बोटानं टाईप केली. ह्यांना विणकामातलं ओ की ठो कळत नाही. दोन सुलट, एक उलट, असं तिनं लिहिलं होतं म्हणून ह्यांनी तसं लिहिलं.

इतरांच्या वेबसाइटी कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतात म्हणे. ह्यांनाही लोकांनी तेच सुचवलं होतं. हे म्हणाले, तिच्या वह्या दुसऱ्याच्या घरी कशाला? म्हणून बाई आमच्या घरी. हे मला लग्नाआधी कोणी समजावून सांगितलं असतं तर मी विचार केला असता.

आता राउटरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. राउटर म्हणजे इंटरनेटच्या तारेला जोडलेला तो दिवे लुकलुकणारा डबा. ह्यांनी मला तो असा समजावला: बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता माहीत असतो, तो कंपनीनं कायमचा दिलाय. आत कोण कुठल्या खोलीत आहे ते फक्त राउटरला माहीत, इमारतीच्या वॉचमनसारखं. आतल्या प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो. एक नंबर त्याचा स्वतःचा. दोन नंबर बाईंचा. ह्यांनी वॉचमनला सांगून ठेवलंय की बाहेरून कोणी बाईंना विचारत आलं की दोन नंबरवर पाठव.

पण वीज गेली की या वॉचमनला कोण कुठल्या नंबरवर ते विसरायला होतं. वीज आली की तो नव्यानं नंबर वाटतो, आणि जो आधी येईल त्याला आधीचा. त्यामुळे आमच्या घरात एक पद्धत पडली होती. वीज आली की पहिल्यांदा राउटर लावायचा. सगळ्यांनी आपापल्या फोनचं वायफाय बंद ठेवायचं. मग कपाटातला कॉम्प्युटर चालू करायचा, शंभरपर्यंत मोजायचं, बाईंना दोन नंबर मिळाला की नाही ते बघायचं, आणि मग इतरांनी यायचं. इतरांनी म्हणजे मी.

नऊ वर्षं हे चाललं. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, आठ तास उभी. घरी येऊन पाय वर घेऊन धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावावा, तर हे हात वर करून उभे. "थांब जरा, बाईंना आधी नंबर मिळू दे." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि जेवताना पुन्हा तीच. आज अमकीनं बाईंना निरोप पाठवलाय, तमकीनं शालीचा फोटो पाठवलाय, आज त्र्याण्णव जणी येऊन गेल्या. माझ्याकडे महिन्यातून एकदा मीटर बघणारा येतो, तोही दारातूनच परत जातो. निरोप लिहिणाऱ्या निम्म्या बायकांना ती गेल्याचं ठाऊकही नव्हतं. बाई, तुमची तब्येत कशी आहे, असं विचारायच्या. हे उत्तर द्यायचे, नमुना क्रमांक बेचाळीस बघा.

मला विणता येतं. आत्यानं शिकवलं होतं, आणि चांगलं येतं. पण या घरात मी नऊ वर्षांत सुईला हात लावला नाही. ह्यांना ते माहीतही नव्हतं. मी विणलं असतं आणि ह्यांनी प्रेमानं म्हटलं असतं की बाई हे असं करायच्या, तर मी त्याच सुया कशात खुपसल्या असत्या ते सांगवत नाही.

तर हे पडले. आयुष्यभर लिफ्टवर चढलेला माणूस जिन्याच्या तीन पायऱ्यांवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बारा दिवस दवाखान्यात राहायचं ठरलं. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून ह्यांनी माझा हात धरला. मी वाकले. माझे डोळे भरून आले होते. हे म्हणाले, "कपाटाकडे लक्ष ठेव."

ते वाक्य माझ्या डोक्यात दोन दिवस ठणकत राहिलं. ऑपरेशन नीट झालं, हे शुद्धीवर आले, डॉक्टर हसून बोलले, तरी ते जाईना. मंगळवारी दुपारी ह्यांचे कपडे न्यायला घरी आले. घर रिकामं आणि कपाटातून ती घरघर. मला वाटलं, या घरात आता आम्ही दोघीच आहोत, आणि मी काही हिचं घर राखायला आलेले नाही. मी पुढे झाले आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. कॉम्प्युटर गेला, राउटरही गेला, दोन्ही एकाच बटणावर होते.

त्या शांततेचं काय सांगू. नळातून पडणारा थेंब ऐकू येत होता. मी खुर्चीत बसून एक अख्खा कप चहा प्याले. मग बहिणीशी बोलायचं होतं म्हणून राउटर तेवढा लावला आणि कॉम्प्युटर तसाच ठेवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा वीज आल्याबरोबर माझा फोन जोडला गेला.

दवाखान्यात ह्यांच्या उशाशी फोन असायचा, दिवसभर बघत असायचे. आता विचारतील, मग विचारतील, अशी मी वाट बघत बसायचे. हे विचारायचे की दुकानात सुट्टी दिली का, आणि जेवलीस का. मी मनात म्हणायचे, बोलत नाहीत म्हणजे माहीत नाही. आणि मग त्याचाही राग यायचा, कारण इतक्या लाडक्या बाई दोन दिवस बंद आहेत आणि ह्यांना पत्ता नाही, तर मग माझे नऊ वर्षांचे हाल कशासाठी झाले.

गुरुवारी चारला घरचा फोन वाजला. साइटवर ह्यांनी तळाला लिहून ठेवलंय की साइट दिसत नसेल तर या नंबरवर फोन करा. ही सूचना साइटवरच आहे, त्यामुळे साइट दिसेनाशी झाल्यावर ती वाचणार कोण, हा प्रश्न अकरा वर्षांत ह्यांना पडला नव्हता. ही बाई मात्र सगळं वहीत उतरवून घेणाऱ्यांतली होती, तळाच्या नंबरासकट. ती मोठ्या बहिणीसाठी स्वेटर विणत होती. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, बाहीच्या अकराव्या ओळीवर अडकली होती. पुढच्या रविवारी बहिणीचा साठावा वाढदिवस. साइट दोन दिवस दिसत नाही, काही झालंय का, असं ती इतक्या अदबीनं विचारत होती की मला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. मी म्हटलं, थांबा, लावते.

कॉम्प्युटर लावला. पडद्यावर साइट छान दिसत होती. मी तिला म्हटलं की झाली चालू. ती म्हणाली, इथे नाही दिसत. मी म्हटलं, अहो माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती म्हणाली, माझ्या नाही. आमची चांगली पाच मिनिटं हुज्जत झाली, तिचंच काहीतरी बिघडलं असणार असं मी ठासून सांगितलं. शेवटी वैतागून मी खुर्ची ओढली आणि बारावी ओळ वाचून दाखवायला लागले. ती लिहून घेत होती. पंधराव्या ओळीपर्यंत आलो तेव्हा तिनं विचारलं की बहिणीचे दंड जाड आहेत, ही बाही तिला होईल का. साइटवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी मनात टाके मोजले आणि म्हटलं, दर सहाव्या ओळीला टाके कमी करायचे लिहिलेत ते दर आठव्याला करा, आणि पुढच्या ओळीत चार टाके जास्त घ्या. ती म्हणाली, हे बाईंनी नाही लिहिलं. मी म्हटलं, मी सांगते ना.

फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. त्या संध्याकाळी दवाखान्यातून येताना मी लोकर आणि सुया विकत घेतल्या. घरात बाईंच्या सुयांचा डबा भरलेला आहे, त्याला मी शिवले नाही.

शुक्रवारी चारला तिचा फोन आला. शनिवारी आला. ती दहा ओळी घ्यायची आणि मग बहिणीबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, खांदेदुखीबद्दल बोलायची. मी तिला सांगितलं की सुई अशी धर म्हणजे खांदा दुखणार नाही. माझी जीभ एरवी दुकानात गोळी जेवणाआधी की जेवणानंतर एवढंच सांगत असते. मला चार कधी वाजतात असं होऊन गेलं.

तरी एकदा साइटचं काय ते बघावं म्हणून मी इंटरनेट कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा सभ्य होता. त्यानं मला राउटरची यादी उघडायला लावली आणि दोन नंबरवर कोण आहे ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. दोन नंबरवर माझा फोन होता. कॉम्प्युटरला तीन नंबर मिळाला होता. म्हणजे गेले चार दिवस, बाईंना भेटायला जगभरातून जी कोणी येत होती, तिला वॉचमन माझ्या फोनच्या दारात आणून सोडत होता, आणि माझा फोन अर्थातच दार उघडत नव्हता. तो मुलगा म्हणाला, हे दोन मिनिटांचं काम आहे, दोन नंबर त्या कॉम्प्युटरच्या नावावर कायमचा बांधून टाकतो, मग कोणीही आधी येवो. नऊ वर्षं शंभर मोजत बसायची काही गरजच नव्हती. आणि ह्यांना ते पुस्तकात सापडलं नव्हतं, की सापडूनही बाईंच्या आधी मी गेलेली ह्यांना चालणार नव्हती, देव जाणे.

"करू का?" त्यानं विचारलं.

"असू द्या," मी म्हटलं. "नंतर करते."

मला माहीत होतं मी काय करतेय. या घरात पहिल्यांदा आधीचा नंबर मला मिळाला होता. साइट उघडली की ती बाई चारला फोन करणार नव्हती, वाचून घेणार होती. साइट बंद असेतो सगळं माझ्याकडे. बाकीच्या शंभरजणींचं काय होत असेल, कोणाच्या सुईवर किती टाके लटकत असतील, हा विचार आला नाही असं नाही. आला आणि मी तो बाजूला सारला.

सोमवारी मात्र मला राहवेना. ह्यांना वॉकर धरून चार पावलं चालवलं होतं, हे घामेघूम होऊन पडले होते. मी ह्यांचं तोंड पुसलं आणि सांगून टाकलं. बाई बंद आहेत. मी बंद केल्या, मुद्दाम. वीजबीज काही गेली नव्हती.

"माहीत आहे," हे म्हणाले. "मंगळवारी दुपारी गेली."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. हे छताकडे बघत राहिले. लिफ्टच्या दाराला हात लावून विचार करायचे तसा चेहरा.

"मी म्हटलं, सुटलो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हे सावकाश बोलत गेले, आणि इतकं हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. पहिली दोन वर्षं ह्यांनी ते सगळं तिच्यासाठी केलं. वह्या टाईप करता करता रडून झालं. पाचवी वही संपली तेव्हा ह्यांना वाटलं, आता झालं, आता कोणा कंपनीला देऊन टाकावं किंवा बंद करावं. तेवढ्यात माझं स्थळ आलं.

"मग तर करायचं होतं बंद," मी म्हटलं.

"तुझ्यासमोर? नव्या बायकोसमोर जुनीचा दिवा घालवायचा? तू काय म्हटलं असतंस मनात? की उद्या मी गेले तर हा मलाही असाच बटण दाबून घालवेल."

"मी असं म्हटलं नसतं."

"म्हटलं असतंस."

खरं होतं. म्हटलं असतं. आणि वीज गेली की हात वर करून उभं राहणं, शंभर मोजणं, ते सगळं मला दाखवण्यासाठी होतं. मी बघावं, हा माणूस विसरत नाही. नऊ वर्षं मी बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि ह्यांना वाटत होतं की मला धीर मिळतोय. मला हसू आलं, मग रडू आलं, मग ह्यांना ठोसा मारावासा वाटला, पण ऑपरेशन झालेल्या माणसाला मारायचं कुठे.

"राहू दे आता बंद," हे म्हणाले. "मला चालेल."

बसमध्ये खिडकीशी बसून मी आनंद व्हायची वाट बघत होते. जिंकले होते मी. नऊ वर्षं जे हवं होतं ते ह्यांनी स्वतःच्या तोंडानं दिलं होतं. पण मला वेगळीच धडकी भरली. हा माणूस बंद करू शकतो. शांतपणे, घाम पुसून घेत, राहू दे म्हणू शकतो. आणि बाईंच्या पाच वह्या तरी होत्या. माझं काय आहे? चार टाके जास्त घ्या आणि दर आठव्या ओळीला कमी करा, एवढंच, तेही एका अनोळखी बाईच्या वहीत, तिच्या अक्षरात.

घरी आल्याबरोबर कंपनीला फोन लावला. दुसराच कोणीतरी होता. दोन मिनिटंही लागली नाहीत. दोन नंबर बाईंच्या नावावर बांधला गेला, कायमचा, आता वीज जावो नाहीतर येवो. माझ्या फोनला चार नंबर मिळाला. मी बहिणीला साइट उघडून बघायला लावली, तिनं तिच्या घरून बघितली आणि सांगितलं की दिसतेय. मग मी कपाटाचं दार चार बोटं उघडं ठेवलं आणि चहा टाकला.

बाहीच्या शेवटच्या बारा ओळी राहिल्या होत्या, आणि गळ्याची पट्टी. ती पट्टी मी रात्री विणून बघितली होती. बाईंनी लिहिलीय तशी ती थोडी आवळते, मी ती सैल कशी करायची ते शोधून ठेवलं होतं आणि एका कागदावर लिहूनही काढलं होतं. पावणेचारला तो कागद घेऊन मी फोनजवळ बसले. चार वाजले. सव्वाचार झाले. फोन नीट ठेवलाय ना म्हणून उचलून बघितला, चालू होता. साडेचारला चहा गार झाला होता. तिचा फोन आला नाही, आणि नऊ वर्षांत मला बाईंचा इतका हेवा कधी वाटला नव्हता.